डिकीतली जादा बॅटरी पक्की कशी बसवावी

गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवला, की वूफरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होऊ लागतात आणि डिकीत दुसरी बॅटरी बसवण्याचा विचार सुरू होतो. त्यानंतरची सगळी चर्चा बॅटरी किती अँपिअर-तासांची घ्यावी, वायर किती जाडीची ओढावी आणि ऑल्टरनेटर पुरेल का, याभोवती फिरते. ती बॅटरी डिकीत कशाने धरून ठेवायची, हा प्रश्न मात्र काम संपत आल्यावर, गाडीवाला घाईत असताना निघतो आणि हाताशी असलेल्या एखाद्या नायलॉनच्या पट्ट्यावर मिटतो.

मीही पहिल्या गाडीत तेच केले होते. ४४ अँपिअर-तासांची साधी बॅटरी स्टेपनीच्या खळग्यात ठेवून ती रॅचेटच्या पट्ट्याने आवळली होती आणि सहा महिने ती तसूभरही हलली नव्हती, त्यामुळे काम चोख झाले असाच माझा समज होता. एका संध्याकाळी रस्त्यात म्हैस आडवी आली, मी ब्रेक कचकन दाबला आणि मागे धप्प असा आवाज झाला. डिकी उघडून पाहिले तर बॅटरी कुशीवर पडली होती, धन टर्मिनलवरचे प्लॅस्टिकचे टोपण निसटले होते आणि जॅकचा दांडा त्या उघड्या टर्मिनलपासून बोटभर अंतरावर येऊन थांबला होता. गालिच्यावर सांडलेल्या ॲसिडचा ओला डाग तेव्हा किरकोळ वाटला. आठवडाभरात तिथला गालिचा चिमटीत चुरगळेल इतका कुजला आणि खालच्या पत्र्यावरचा रंग फुगून वर आला. विशेष म्हणजे यात टक्कर झालीच नव्हती, नुसता ब्रेक दाबला गेला होता.

किती जोर सोसायचा आहे

ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर अंतर कापते. ती कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर सरासरीने येतो, आणि त्या दशांश सेकंदातला कमाल जोर याहून बराच अधिक असतो. बॅटरीची बांधणी करताना कोणता आकडा धरावा, याचा अंदाज गॅसच्या टाक्यांच्या नियमांवरून घेता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या ११० क्रमांकाच्या नियमावलीत, प्रवासी मोटारीतील सीएनजी टाकीच्या बांधणीने प्रवासाच्या दिशेने वजनाच्या २० पट आणि आडव्या दिशेने ८ पट जोर सोसला पाहिजे, अशी अट आहे. हे नियम बॅटरीसाठी केलेले नाहीत, तरी डिकीतल्या कोणत्याही जड वस्तूसाठी हेच प्रमाण धरणे मला योग्य वाटते. त्या हिशोबाने २२ किलोची बॅटरी पुढच्या दिशेने ४४० किलोचा ओढा देते, म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ नऊ गोण्या एकदम मागच्या सीटच्या पाठीवर येऊन पडाव्यात, तसा हा प्रकार असतो. आणि त्या पाठीला टेकून बहुधा घरातली मुले बसलेली असतात.

हा ओढा ऐकून लोक जाड बोल्ट आणायला धावतात, पण बोल्ट सहसा तुटतच नाही. ८.८ वर्गाचा ८ मिलिमीटरचा एकच चांगला बोल्ट सरळ ओढीत अडीच टनांहून अधिक भार घेतो. डिकीच्या तळाचा पत्रा मात्र साधारणपणे एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि खाली फक्त साधा वॉशर असेल तर काजातून बटण निसटावे तसा तो वॉशर भोक फाडून वर येतो. तेव्हा बॅटरीपासून पट्टीकडे, पट्टीपासून ट्रेकडे, ट्रेपासून बोल्टकडे आणि बोल्टपासून पत्र्याकडे जाणाऱ्या या साखळीत सर्वांत कमजोर कडी पत्र्याची आहे, हे धरूनच सगळे काम आखले पाहिजे.

मोटार शर्यतींच्या क्षेत्रात हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. एफआयए या जागतिक संस्थेच्या नियमांत मूळ जागेवरून हलवलेल्या बॅटरीसाठी धातूची बैठक, दोन धातूच्या पट्ट्या, किमान १० मिलिमीटर व्यासाचे बोल्ट आणि प्रत्येक बोल्टखाली बॉडीच्या पत्र्याच्या पलीकडून किमान ३ मिलिमीटर जाडीची व २० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आधारपट्टी सांगितलेली आहे. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांतही ३/८ इंचाचे किमान दोन बोल्ट आणि धातूची पट्टी सक्तीची आहे. आपल्याकडच्या फॅब्रिकेटरच्या भाषेत हा तीन सुती बोल्ट झाला आणि तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. घरच्या गाडीला रॅलीत उतरायचे नसते हे खरे, पण समोरून येणाऱ्या ट्रकला ते ठाऊक नसते.

बॅटरी निवडताना

साधी, पाणी घालावी लागणारी ॲसिडची बॅटरी डिकीत बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो; हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेट घेण्याइतके मिश्रण तयार होते. हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये डिकी व प्रवाशांची जागा यांत हवाबंद अडसर नसतो, त्यामुळे तो वायू आणि ॲसिडची वाफ थेट बसणाऱ्यांपर्यंत येते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी डिकीत ठेवणारे महाभागही मी पाहिले आहेत. तिचे वजन ५० किलोच्या वर जाते, ती उभ्या धक्क्यांसाठी बनवलेली नसते आणि कलली की ॲसिड सांडते, त्यामुळे तो विचार मनातूनही काढून टाकावा.

एजीएम प्रकारच्या बॅटरीत ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते आणि तयार होणारा बहुतेक वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात बदलतो, म्हणून डिकीसाठी ती योग्य ठरते. मात्र ती जास्त चार्ज झाली, तर तिची झडपही वायू बाहेर सोडते, त्यामुळे बाजूला नळी जोडण्याचे तोंड असलेली एजीएम बॅटरी मिळाली तर तीच घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहून कमी भरते, हा बांधणीच्या दृष्टीने फार मोठा फायदा आहे; पण तिच्या आत संरक्षक सर्किट असलेच पाहिजे आणि ती मजबूत, बंद खोक्यात आली पाहिजे. सुटे सेल आणून चिकटपट्टीने गुंडाळलेला घरगुती पॅक कितीही स्वस्त पडला, तरी गाडीत नको. शिवाय उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत विदर्भातल्या मे महिन्यात काय तापमान होते, याचा विचार करून उत्पादकाने दिलेली उष्णतेची मर्यादा खरेदीपूर्वीच वाचावी.

शिसे-ॲसिडची पुढची बॅटरी आणि लिथियमची मागची बॅटरी नुसत्या वायरीने एकमेकींना जोडून ठेवू नयेत. गाडी बंद असताना लिथियम बॅटरीचा दाब १३.३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि शिसे-ॲसिडची भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टवर स्थिरावते, त्यामुळे एक दुसरीत सतत रिकामी होत राहते. त्यासाठी मध्ये योग्य चार्जर किंवा गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर लागतो.

जागा ठरवणे

बॅटरी जितकी खाली आणि मागच्या आसाच्या जितकी जवळ, तितके चांगले. डिकीच्या झाकणाला लागून ती कधीही बसवू नये, कारण मागून धडक बसली की तोच भाग सर्वांत आधी चेपतो आणि चेपलेला पत्रा थेट टर्मिनलवर येतो. मागच्या सीटच्या पाठीपासून चार बोटे अंतर सोडून, जमिनीच्या पत्र्यावर, शक्यतो ट्रेची लांब बाजू गाडीच्या आडव्या दिशेने येईल अशी जागा मला सर्वांत पटते. स्टेपनीचा खळगा मोहात पाडतो, कारण तो खोल आणि नजरेआड असतो. पण तिथला पत्रा पातळ असतो, बहुतेक गाड्यांत स्टेपनी धरणारा एकच बोल्ट असतो आणि पावसाळ्यात झाकणाच्या रबरातून झिरपलेले पाणी तिथेच साचते. त्या एका बोल्टला बॅटरी अडकवणे म्हणजे सगळा भार एका खिळ्यावर टांगणे होय.

गाडीत सीएनजीची टाकी डिकीत असेल, तर जादा बॅटरीचा बेत सोडून द्यावा, असाच माझा सल्ला राहील. टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि नळ्या असलेल्या बंद जागेत शेकडो अँपिअरचे जोड आणू नयेत, आणि टाकीच्या सांगाड्याला भोक पाडून त्यावर बॅटरीचा ट्रे बसवणे तर त्याहून वाईट. अशा गाडीत पुढची बॅटरी आणि ऑल्टरनेटर सुधारून जितके मिळेल, तितक्यावर समाधान मानणे बरे.

वूफरच्या बॉक्सला बॅटरी स्क्रूने ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळीत घातलेला स्क्रू सरळ ओढला, तर लाकडाचा भुसा घेऊन सहज बाहेर येतो. त्यात वूफरच्या कंपनांनी तो रोज थोडा थोडा सैल होतच असतो. शिवाय तो बॉक्स स्वतः गाडीला कशानेच बांधलेला नसतो, म्हणजे टक्करीत वीस किलोची बॅटरी आणि तीस किलोचा बॉक्स असे जोडीने पुढे येतात. बॅटरी फळीवरच ठेवायची हौस असेल, तर फळी फक्त दिसण्यापुरती ठेवावी आणि बोल्ट फळीतून आरपार जाऊन खालच्या पत्र्याला व त्याच्या आधारपट्टीला धरतील, असे पाहावे. सेल्फ स्क्रूने ट्रे थेट पत्र्याला जोडणे हाही त्यातलाच प्रकार आहे. अशा पातळ पत्र्यात आट्यांना पकडायला काहीच नसते.

ट्रे आणि पट्टी

ट्रेसाठी २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल पुरतो. बॅटरीच्या तळापेक्षा प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर मोठी चौकट फॅब्रिकेटरकडून काटकोनात वेल्ड करून घ्यावी, तळाला एक-दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात आणि चारही कोपऱ्यांजवळ बाहेर आलेले कान ठेवून त्यांत बोल्टची भोके पाडावीत. वेल्डिंगचे सगळे काम गाडीबाहेर करावे. गाडीला हात लागेपर्यंत ट्रे रंगवून, वाळवून तयार असावा. चौकटीचे काम इतकेच, की बॅटरी पुढे, मागे किंवा बाजूला सरकू नये. तिला वर उचलू न देण्याचे काम पट्टीचे आहे, आणि ही दोन कामे एकाच वस्तूकडून करून घेऊ नयेत. माझ्या त्या पहिल्या गाडीत नेमके हेच चुकले होते: सगळा भार एकट्या पट्ट्यावर होता आणि बॅटरीच्या तळाला अडवणारे काहीच नव्हते.

पट्टीसाठी २५ गुणिले ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी किंवा छोटा अँगल वापरावा आणि तो बॅटरीवरून आडवा नेऊन दोन्ही बाजूंना ट्रेमधून वर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर नटाने आवळावा. बॅटरी उंच किंवा १५ किलोहून जड असेल, तर अशा दोन पट्ट्या द्याव्यात. गाडीच्या मूळ बॅटरीला असतात तसे वाकवलेले आकडे येथे टाळावेत, कारण मोठ्या झटक्यात आकड्याचे तोंड उघडते आणि तो ट्रेच्या भोकातून सुटतो. आरपार दांडा आणि खाली नट हा प्रकार अधिक भरवशाचा. काही बॅटऱ्यांच्या तळाला बाहेर आलेली कड असते. तिच्यावर दाबणारी कडपट्टी उत्तम काम देते, परंतु जड बॅटरीला तिच्याबरोबर वरची एक पट्टीही द्यावी.

धातूची पट्टी दोन टर्मिनलांच्या मधून जात असते, म्हणून तिच्या खालच्या बाजूला जुन्या ट्यूबचे रबर लावावे आणि संपूर्ण पट्टीवर हीटश्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी चढवावी. पट्टी कितीही सरकली, तरी ती एकाच वेळी टर्मिनलला आणि ट्रेला शिवता कामा नये. भरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ५ मिलीओहम धरला, तरी थेट शॉर्टमध्ये अडीच हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहतो. तेवढ्या प्रवाहाने चुकून टेकलेला पाना टर्मिनलला वेल्ड होऊन बसतो आणि तो ओढून काढायला जाणाऱ्याची बोटे भाजतात. दोन्ही टर्मिनलांवर रबरी टोपणे असावीतच. त्यांच्या जोडीला टर्मिनलच्या बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण असेल तर अधिक चांगले.

पट्टी आवळताना हात आवरावा लागतो. बॅटरी ट्रेमध्ये हलायची थांबली, की नट आणखी पाव ते अर्धा फेराच द्यावा. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा प्लॅस्टिक करकरल्याचा आवाज आला, तर आवळणे जास्त झाले आहे, असे समजून नट थोडा मागे घ्यावा.

भोक पाडण्याआधी आणि नंतर

या कामातला सर्वांत धोक्याचा भाग ड्रिलचा आहे. अनेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते आणि तिची मागची कड डिकीच्या पत्र्याखाली येऊ शकते. त्याखेरीज ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, चाकांच्या सेन्सरच्या वायरी आणि सायलेन्सर हे सगळे त्याच भागातून जाते. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत उच्च दाबाच्या नारिंगी केबल आणि मुख्य बॅटरी तिथे असण्याची शक्यता असल्याने, तशा गाडीच्या तळाला स्वतः भोक पाडण्याच्या फंदात पडू नये.

आधी ट्रेच्या मापाचा पुठ्ठा कापून, त्यावर चारही भोकांच्या खुणा करून, तो डिकीत ठेवावा. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहावे आणि दोन ठळक जागांपासून, उदाहरणार्थ मागच्या बंपरच्या आतल्या कडेपासून व चाकाच्या कमानीपासून, मोजून प्रत्येक खुणेच्या खाली काय आहे हे निश्चित करावे. एखादे भोक टाकीच्या वर किंवा नळीच्या हातभर जवळपास येत असेल, तर ट्रे सरकवावा. भोक सरकवण्यासाठी ट्रेच्या कानांची लांबी बदलणे हाही सोपा उपाय आहे. गाडीच्या लांबीत जाणारे चासीचे मुख्य खांब भोके पाडून कमजोर करू नयेत. जिथे पत्र्याला आडवे उठाव दिलेले असतात, तिथे तो अधिक ताठ असतो. दोन बोल्ट तरी अशा उठावाच्या शेजारी, सपाट भागात यावेत.

दोन्ही बॅटऱ्यांचे ऋण टर्मिनल सोडवून, गालिचा पूर्ण बाजूला करून, प्रथम ३ मिलिमीटरच्या बिटने बारीक भोक पाडावे. बिटवर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा असा चढवावा, की टोक फक्त पाच-सहा मिलिमीटर बाहेर राहील. पत्रा फुटताच ड्रिल एकदम खाली धसतो आणि हा तुकडा त्याला तिथेच अडवतो. बारीक भोकातून तार घालून खाली ती अपेक्षित जागी निघाली, याची खात्री झाल्यावरच भोक मोठे करावे. पुठ्ठा कोपऱ्याला धरून नीट मोजलेला असूनही, चारपैकी एक तार हमखास दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे निघते, असा माझा अनुभव आहे.

भोकाची धार कानसाने घासून गुळगुळीत करावी आणि उघड्या पत्र्यावर लगेच रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर लावावा. हे लगेच म्हणजे त्याच दिवशी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. खालच्या आधारपट्ट्या ५ गुणिले ५ सेंटिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या घेतल्या की २५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ मिळते. त्यांचे कोपरे ग्राइंडरवर गोल करून घ्यावेत, कारण टोकदार कोपरा जोराच्या झटक्यात पत्रा चिरतो. पट्टीला पीयू सीलंटचा थर लावून ती पत्र्याला चिकटवावी, बोल्ट घालून नायलॉन लॉकचा नट आवळावा आणि बाहेर आलेले सीलंट बोटाने भोवती पसरवावे. वरून अंडरबॉडी कोटिंगचा एक हात दिला की खालचे काम संपले.

सीटबेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टला ट्रे अडकवणे, तसेच त्याच बोल्टला बॅटरीचे अर्थिंग घेणे, हे दोन्ही वर्ज्य आहे. ते बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवण्यासाठी दिलेले असतात आणि त्यांच्याखाली लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, सरकवला की त्यांची पकड बदलते. अर्थिंगसाठी जाड पत्र्याची वेगळी जागा निवडून, तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून, वेगळा बोल्ट द्यावा आणि जोड पूर्ण झाल्यावर वरून रंग लावावा.

वायूची नळी, वायर आणि फ्यूज

एजीएम बॅटरीला वायूचे तोंड असेल, तर त्याला नळी जोडून ती रबरी ग्रोमेटमधून गाडीखाली काढावी. नळीला मध्येच पोट पडू देऊ नये, कारण तिथे पाणी साचले की वाट बंद होते. आणि तिचे टोक सायलेन्सरपासून दूर, खाली तोंड करून असावे. बॅटरीला दोन बाजूंना तोंडे असल्यास, वापरात नसलेले तोंड उत्पादकाच्या बुचाने बंद करावे. असे तोंड नसलेली बॅटरी हॅचबॅकमध्ये बसवायचीच असेल, तर ती झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत ठेवून पेटीतून नळी बाहेर काढावी. अशा वेळी पट्टी पेटीवरून न नेता पेटीच्या आत बॅटरीवरून न्यावी आणि दांडे पेटीच्या तळातून आरपार खालच्या ट्रेपर्यंत जावेत. पातळ पेटीवर आवळलेली पट्टी फक्त पेटीला धरते.

फ्यूजविषयी एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पुढून मागे येणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना आता बॅटरी आहे, म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज हवा आणि तो प्रत्येक बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. पुढचा एकच फ्यूज ठेवला आणि केबल मध्येच दाराच्या पट्टीखाली सोलली गेली, तर पुढचा फ्यूज उडेल, पण मागची बॅटरी त्याच शॉर्टला प्रवाह देत राहील. फ्यूजचा आकडा ॲम्प्लिफायर किती ओढतो यावर ठरत नाही, केबल किती सोसते यावर ठरतो, आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या केबलपेक्षा कमी सोसते. फ्यूजचा होल्डरही ट्रेच्या कानाला किंवा बॉडीला बांधलेला असावा. लोंबकळणारा होल्डर स्वतःच सैल पडतो.

बॅटरीजवळ केबलला थोडी ढील देऊन, लगेच पुढे क्लिपने बॉडीला धरावे. केबल ताठ ओढलेली असेल, तर बॅटरीच्या प्रत्येक हालचालीचा ताण टर्मिनलवर येतो. जोडणी करताना धन आधी आणि ऋण शेवटी, सोडवताना ऋण आधी, हा क्रम कधीही बदलू नये. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि हातातले कडे व अंगठी काढून ठेवावी.

कागदपत्रांचे दोन शब्दही येथेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनात बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि विमा कंपन्याही नंतर बसवलेल्या विद्युत सामानाविषयी प्रश्न विचारतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे, वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि बिले जपून ठेवावीत.

तपासणी

सगळे आवळून झाल्यावर बॅटरीला दोन्ही हातांनी धरून पूर्ण ताकदीने पुढे-मागे आणि वर-खाली हलवावे. काम बरोबर असेल, तर बॅटरी हातात हलत नाही, तिच्याबरोबर गाडीच स्प्रिंगांवर डुलू लागते. बॅटरी आणि ट्रे यांत किंचितही खडखड जाणवली, तर रबराचा तुकडा घालून ती जिरवावी. त्यानंतर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, शक्यतो एखादा घाट आणि गावातले स्पीडब्रेकर पार केल्यावर, ही रेघ जागच्या जागी जुळते का, हे पाहावे. नट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसते आणि पाना लावूनही पाहावे लागत नाही.

पुढे दर सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असताना खालच्या चारही आधारपट्ट्यांवरून हात फिरवावा. पट्टीच्या कडेने तांबूस ओघळ दिसला, तर तो बोल्ट काढून, पत्रा घासून पुन्हा प्रायमर लावावा. टर्मिनलवर हिरवट किंवा पांढरी पूड जमत असेल, तर बॅटरी जास्त चार्ज होते आहे का, हे मीटरने तपासावे. गाडीला मोठी धडक बसली असेल, तर वरून सगळे ठीक दिसले तरी पट्टी, दांडे आणि बोल्ट नवे घालावेत, आणि भोकाभोवतीचा पत्रा ताणला गेला आहे का, हे गालिचा काढून पाहावे.

डिकीतले बाकीचे सुटे लोखंडही तेवढेच महत्त्वाचे आहे. जॅक, त्याचा दांडा, चाकाचा पाना आणि घरून आलेली पितळी भांडी यांपैकी काहीही बॅटरीच्या शेजारी सुटे ठेवू नये. माझ्या गाडीत आता जॅक त्याच्या मूळ खाचेत बसवलेला असतो आणि पाने जाड कापडी पिशवीत, वूफरच्या पलीकडच्या बाजूला, वेगळ्या आकड्याला बांधलेले असतात.